घरबसल्या भाषाशास्त्र

घरी बसून शिकणे आपल्याला नवे नाही. टपालाने शिकवणारे वर्ग निघाले, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. आता वर्ग इंटरनेटवरून फोनवर येतो. नेदरलंड्समधील लायडन विद्यापीठाने २०१५ साली भाषाशास्त्राची तोंडओळख करून देणारा असाच एक वर्ग इंग्रजीतून सुरू केला. आपल्याकडे २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी व्यवस्थेवर निरनिराळ्या विषयांचे पाठ मिळतात. भाषाशास्त्राचा असा वर्ग करणाऱ्याला अनुभव काय येतो, ते पाहू.

पहिला अनुभव थोडा धक्क्याचाच असतो. भाषेचा अभ्यास म्हणजे शुद्ध-अशुद्धाचा निवाडा, अशी आपली समजूत. पण वनस्पतिशास्त्राला जसे पीकही पाहावे लागते आणि तणही, तसे भाषाशास्त्र लोक जे बोलतात ते सगळे ऐकून घेते आणि त्यात नियम कोणता, हे शोधते.

दुसरे असे की, या शास्त्राची प्रयोगशाळा आपल्या तोंडातच असते. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘ताप’ म्हणा. आता ‘थाप’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला वारा लागला ना? तेवढ्या वाऱ्याने मराठीत अर्थ बदलतो. इंग्रज माणूस ‘टॉप’ म्हणताना वारा सोडतो, ‘स्टॉप’ म्हणताना सोडत नाही. पण त्याच्या भाषेत एवढ्यावरून अर्थ बदलत नाही, म्हणून ते त्याच्या ध्यानीही येत नाही.

आणखी एक गंमत बघा. ‘आम्ही बाजाराला जातो’ म्हटले की ऐकणारा घरीच राहिला. ‘आपण बाजाराला जाऊ’ म्हटले की तो पिशवी घेऊन उठतो. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे. रोजच्या बोलण्यातले हे धन परक्या भाषेशेजारी ठेवल्यावर दिसते.

शिक्षकांना याचा उपयोग मोठा आहे. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते, तसेच ‘काळा’ऐवजी ‘काया’ म्हणते. म्हणजे हा गबाळेपणा नव्हे. ‘ळ’च्या जागी ‘य’ असा त्या बोलीचा नियम आहे आणि मूल तो बिनचूक पाळते. त्याला चारचौघांत ‘चूक!’ म्हटले, तर ते पुन्हा तोंड उघडायला कचरेल. ‘घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे सांगितले, तर प्रमाण मराठीही येईल आणि आईची बोलीही राहील.

मात्र अडचणही सांगितली पाहिजे. समोर गुरुजी नाहीत, शेजारी सोबती नाही, वर इंग्रजी परिभाषा. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकन संस्थांच्या अशा वर्गांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी शेकडा जेमतेम तिघांनी वर्ग पुरा केला होता! तेव्हा एकट्याने बसू नये. गावातल्या दोघा-तिघा शिक्षकांनी वार ठरवून पाठ एकत्र ऐकावा, अडलेला शब्द आपसांत मराठीत समजावून घ्यावा आणि प्रत्येक पाठाला आपल्या बोलीतली दहा उदाहरणे वहीत टिपावीत. उदाहरणे शोधायला लांब जायला नको. शाळेत मधल्या सुट्टीत कान उघडे ठेवले की पुरे.