'मालाफाईड' म्हणजे नुसती खुन्नस नव्हे

भोसरी-चाकणच्या एखाद्या कंपनीत बदलीचं पत्र हातात पडलं की गेटबाहेरच्या टपरीवर दोन शब्द हमखास निघतात : 'खुन्नस' आणि 'मालाफाईड'. दोन्ही एकच समजून अर्ज लिहिले जातात आणि खरी तक्रार असलेला कामगारही हरतो.

गैरसमज : मालाफाईड म्हणजे साहेबाने धरलेला डूख.

वस्तुस्थिती : मुलांच्या शाळेतून आपण 'बोनाफाईड' दाखला आणतो, त्याच्या नेमका उलट हा शब्द. लॅटिनमध्ये 'बोना' म्हणजे चांगला, 'माला' म्हणजे वाईट आणि 'फिडेस' म्हणजे विश्वास. इंग्रजी 'मॅलिस'ही त्याच मुळातला. रोजच्या वापरात मॅलिस म्हणजे आकस, दुसऱ्याचं वाईट व्हावं ही इच्छा. कायद्यात मात्र त्याचे दोन प्रकार आहेत : प्रत्यक्ष मनातला आकस आणि कायद्याने मानलेला आकस. योग्य कारण नसताना जाणूनबुजून केलेली चुकीची कृती दुसऱ्या प्रकारात येते. १९७८ मध्ये एस. आर. वेंकटरमण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आकाशवाणीच्या एका महिला अधिकाऱ्याच्या सक्तीच्या निवृत्तीचा आदेश याच आधारावर रद्द केला. कुणाचं वैर सिद्ध करावं लागलं नाही. आदेशाला आधार देणारं काही नोंदींत नव्हतं, एवढं पुरलं.

गैरसमज : मनाविरुद्ध झालेली प्रत्येक बदली मालाफाईड.

वस्तुस्थिती : बदली हा नोकरीचाच भाग मानला जातो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, कंपनीच्या धोरणाचा बुरखा घेऊन दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरवली आहे. म्हणजे बुरखा आणि त्यामागचा हेतू, दोन्ही दाखवावे लागतात.

गैरसमज : आरोप केला की खोटं ठरवायची जबाबदारी कंपनीची.

वस्तुस्थिती : उलट आहे. १९७३ च्या रॉयप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की असा आरोप करणं सोपं, सिद्ध करणं अवघड. आणि तो भार आरोप करणाऱ्यावरच असतो. समजा, एका ऑपरेटरने ३ तारखेला युनियनचा फॉर्म भरला, ५ तारखेला 'प्रशासकीय कारणास्तव' बदलीचं पत्र आलं, नव्या जागी त्याचं मशीनच नाही आणि जुन्या जागेवर आठवड्यात दुसरा माणूस उभा राहिला. 'साहेब खुन्नस काढतात' या वाक्यापेक्षा या चार गोष्टी तारखांसह मांडल्या तर अर्जाला वजन येतं.

गैरसमज : ऑफिसची चूकही मालाफाईडच.

वस्तुस्थिती : १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार प्रामाणिकपणे केलेली गोष्ट निष्काळजीपणे केलेली असली, तरी ती सद्भावनेनेच केलेली ठरते. हजेरीपटातली चूक दुरुस्त करून मागा. तिला कट म्हणू नका.

गैरसमज : तक्रार केव्हाही करता येते.

वस्तुस्थिती : १९७१ च्या कायद्याने मुदत ९० दिवसांची दिली आहे. उशिराचं सबळ कारण असेल तरच न्यायालय पुढे ऐकतं. बदलीची तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते.

म्हणून पत्र आलं की आधी पाकिटावरची तारीख जपा, जुनी पत्रं एका फाईलला लावा. साहेबाच्या मनात काय होतं हे न्यायाधीशाला दिसत नाही. कागद दिसतात.