जुनी कंबरदुखी : पथ्य कोणते, उपाय कोणता?



कंबरदुखी जडली की घरोघरी प्रथम ताटातील पदार्थ कमी होतात. वातूळ म्हणून हरभरा-वाटाणा सुटतो, आंबट म्हणून दही सुटते, त्यात उपवासांची भर पडते. अशा पथ्याने दुखणे हटण्याऐवजी शरीरच दुर्बल होऊ शकते, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

आयुर्वेदाने कटिशूळ हा वातविकार मानला आहे. रूक्ष, थंड व अवेळी घेतलेल्या अन्नाने वात वाढतो. तसाच तो अति उपवासानेही वाढतो. म्हणून ताजे, ऊन व स्निग्ध भोजन हितकर सांगितले आहे.

आधुनिक वैद्यकानुसार कोणताही एक पदार्थ कंबरदुखीचे कारण म्हणून सिद्ध झालेला नाही. उणीव मात्र बाधते. ‘ड’ जीवनसत्त्व फार घटल्यास हाडे मऊ होऊन कंबर व कुल्हे दुखतात. ‘ब१२’ घटल्यास हातापायांस मुंग्या येतात. शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. प्रौढास दररोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तीळही उत्तम. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. शंका असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. मनाने गोळ्या घेऊ नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम व मालिश यांस स्थान आहे. कंबरपट्टा व वजन लावून ताण देणे यांची नित्य शिफारस नाही. योगासने जाणकाराकडून शिकून करावीत. कटिबस्तीत कमरेवर उडदाच्या पिठाचे कडे करून त्यात कोमट तेल धरतात; त्या शेकाने अनेकांस आराम वाटतो. अनोळखी भस्मे व पुड्या मात्र टाळाव्यात. त्यांत शिसे, पारा वा स्टिरॉइड असू शकते.

लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पायातील शक्ती जाणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. जयारोग्य रुग्णालय आपल्या कंपूतच आहे, तर शासकीय आयुर्वेद महाविद्यालय जवळच आमखो येथे आहे.

उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी दूध, दही, शेंगदाणे व राजगिरा यांचा फराळात समावेश करावा, सकाळी उन्हात थोडे चालावे, ही नम्र विनंती.