माणसाच्या तोंडून टर्कीची हाक

अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. बहुतेक राज्यांत ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्यास मनाई असल्याने शिकारी मादीचा आवाज स्वतः काढून नराला बोलावितात. निसर्गात बहुधा मादीच नराकडे जाते; त्यामुळे सावध नराला फसविणे सोपे नसते.

त्यासाठी ‘माउथ कॉल’ वापरतात. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या छोट्या चौकटीवर लॅटेक्स रबराचा पातळ पडदा ताणलेला असतो. नालाची उघडी बाजू पुढे ठेवून ही चौकट टाळूला चिकटवायची, जिभेने पडदा हलकेच दाबायचा आणि पोटातून श्वास सोडायचा. मादीच्या ‘यल्प’ या हाकेत आधी उंच, मग खालचा असे दोन स्वर असतात. खालच्या स्वरासाठी जबडा किंचित खाली आणतात. स्वर साधूनही लय चुकली, तर हाक कृत्रिम वाटते.

मात्र, हुबेहूब हाकेने दुसरा शिकारीही फसू शकतो. म्हणूनच रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे, नराच्या डोक्यावर दिसणारे लाल, पांढरे व निळे रंग अंगावर टाळावेत आणि पक्षी स्पष्ट दिसल्याखेरीज बंदूक चालवू नये, हे नियम हाकेइतकेच महत्त्वाचे मानले जातात.