वीस वर्षांपूर्वीची फाइल

गेल्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ लेखकाच्या ललितलेखांचं पुस्तक करायला घेतलं. त्यातले चार लेख २००४ च्या एका दिवाळी अंकातले. छापील प्रतीची वाळवीनं चाळण केलेली, पण सीडी जपून ठेवलेली होती. सीडी चालली हेच नवल. फाइल मात्र उघडेना. मांडणीचं सॉफ्टवेअर कधीच बंद पडलेलं. अक्षरसंच ज्या कंपनीचा, तिचं ‘लॉक’ संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचावं लागे. ते हरवलं होतं, आणि तसला पोर्ट तरी आता कुठल्या संगणकाला असतो? मजकूर आमचा, टंकन आमचं, अक्षरसंचही रोख मोजून घेतलेला, आणि आम्ही दाराबाहेर.

ती फाइल शेवटी लिबरऑफिस या मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरनं उघडली. पेजमेकर, कोरल ड्रॉ, व्हिजिओ, पब्लिशर यांच्या फाइलींची रचना बाहेरून चाचपून उलगडणारी काही मंडळी आहेत. २०१४ पासून ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ या नावाखाली ती एकत्र काम करतात आणि त्यांचं काम लिबरऑफिसमध्ये येऊन मिळतं. मांडणी विस्कटली, चौकटी एकमेकींवर चढल्या, पण मजकूर हाती आला.

हाती आला म्हणजे काय, तर ओळीच्या ओळी पाउंडाची चिन्हं, कंस आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. त्या काळचे अक्षरसंच रोमन अक्षरांच्या खणांत मराठी आकार बसवायचे. अक्षरसंच काढला की सोंग उतरलं. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेतलं, तर ‘आचाऱ्यांना’ सगळीकडे ‘आचार्यांना’ झालेलं. एका लेखात लग्नातल्या स्वयंपाकाचं वर्णन होतं. तिथे पीठाधीश पुऱ्या तळायला बसले.

‘आचाऱ्यांना’मधला हा अर्धा र पडद्यावर नीट दिसतो त्यामागे बऱ्याचदा हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर असतं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या कुठे बसवायच्या हा हिशेब ते करतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांच्यात ते आहेच, पण अडोबीच्या फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्येही आहे. म्हणजे भाडं भरून वापरायच्या दुकानातही अक्षरं जुळवणारा कारागीर सार्वजनिकच.

भाडं म्हटलं तेव्हा आठवलं. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना ‘हे फुकट मिळतं’ असं सांगायची पद्धत आहे. आपल्याकडे हे सांगणं मला नेहमी विनोदी वाटतं. डीटीपीच्या दुकानांतून फोटोशॉप विकत घेतलं होतं कुणी? ब्रशसारख्या सगळ्या चीजवस्तूंसकट ते एका सीडीवर यायचं, सोबत त्याचं कुलूप तोडणारा ‘क्रॅक’. फुकटाला फुकट हा पर्याय होऊ शकत नाही, म्हणून फोटोशॉपच्या जागी वापरता येणारं मुक्त गिंप आपल्याकडे रुजलं नाही. २०१३ मध्ये अडोबीनं नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे या बाजूला माना वळू लागल्या.

आणि वळल्यावर काय दिसतं? खरं सांगायचं तर सगळं आलबेल नाही. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या गिंपची ३.० आवृत्ती २०२५ मध्ये आली. फोटो साफ करायला उत्तम, पण काम आरजीबीतच चालतं, आणि छापखान्याला सीएमवायके लागतं. रेखांकनाच्या इंकस्केपबद्दल माझी तक्रार नाही, मुखपृष्ठावरची अक्षरं मी त्यातच करतो. पानांची मांडणी करणाऱ्या स्क्रायबसची गोष्ट वेगळी. चार रंगांची छपाई, प्लेटसाठी लागणारी पीडीएफ हे त्याला आधीपासून जमायचं, पण मराठी जोडाक्षरं मोडायची. २०२४ च्या जानेवारीत १.६ आवृत्ती स्थिर म्हणून आली आणि तो अडसर गेला, तोही हार्फबझमुळेच. तरी छापखानेवाला इनडिझाइनची फाइल मागतो. त्याला पीडीएफ द्यावी आणि गप्प बसावं.

हिशेबाच्या बाबतीत टॅलीवर वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचवणं म्हणजे जावयाला दुसऱ्या पंगतीत बसवणं. पण व्यवसाय जरा मोठा असेल तर ईआरपीनेक्स्ट जरूर पाहावं. ते मुंबईतच तयार झालेलं आहे. ॲनिमेशनमध्ये तर वाद मिटलाच आहे. २००२ मध्ये ब्लेंडरचा कोड मुक्त करून घेण्यासाठी लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवली, आणि २०२५ मध्ये त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला ऑस्कर मिळालं. व्हीएलसीबद्दल काय सांगावं? पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला तो नारिंगी शंकू घराघरांतल्या संगणकावर आहे, आणि तो मुक्त आहे हे घरच्यांना ठाऊकही नसतं.

सरकारं मात्र अडखळतात. म्युनिक महापालिकेनं लिनक्सवर जायचं ठरवलं, गेली, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्याच जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, तिथे कुणाला त्याचं अप्रूपही उरलेलं नाही.

आमचं पुस्तक झालं. आचारी स्वयंपाकघरात परतले. अंतिम फाइल लिबरऑफिसच्या ओडीटी स्वरूपात ठेवली. एका दुपारी आमच्या ऑपरेटरला गंमत दाखवली. फाइलच्या नावामागचं ओडीटी पुसून झिप केलं, ती पुडी सोडली, आत ‘कंटेंट’ नावाची साधी फाइल निघाली. नोटपॅडमध्ये उघडली. खुणांच्या जंगलात पहिल्या लेखाचं पहिलं वाक्य, सरळ मराठीत, लॉक नाही, अक्षरसंच नाही. तो बराच वेळ ते वाक्य वाचत राहिला. मग त्यानं स्वतःच्या संगणकावर लिबरऑफिस उतरवून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “सर, याचा क्रॅक कुठल्या फोल्डरमध्ये आहे?”