डोक्याला फांद्या फुटलेले रेणू

चिलीमध्ये किल्लाया नावाचा सदाहरित वृक्ष वाढतो. त्याची साल पाण्यात चोळली की भरपूर फेस येतो. तिथले मापुचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिने केस आणि कपडे धूत आले आहेत. फेस आणणारे द्रव्य म्हणजे सॅपोनिन, आपल्या रिठ्यातही असते त्याच कुळातले. सालीतले हेच सॅपोनिन आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या ‘आर२१’ या मलेरियाच्या लशीत असते. आफ्रिकेतल्या लहान मुलाला दिल्या जाणाऱ्या एका डोसमध्ये ५ मायक्रोग्रॅम प्रतिजन, म्हणजे शरीराने ओळखायला शिकायचा घटक, तर सॅपोनिनपासून बनवलेले ‘मॅट्रिक्स-एम’ ५० मायक्रोग्रॅम. त्याचे काम प्रतिकारशक्तीला जागे करण्याचे.

यात एक मोठी अडचण आहे. सुटे सॅपोनिन रक्तात मिसळले तर तांबड्या पेशी फोडते. मग ते बाळाला टोचायचे कसे? या रेणूंची पाण्यात जुळणी कशी होते, ते कळले की उत्तर सापडते.

साबणासारख्या प्रत्येक पृष्ठसक्रिय रेणूला पाण्याशी सख्य असलेले डोके आणि पाणी टाळणारी शेपूट असते. शेपटांना एकमेकींची फार ओढ असते असे नाही. शेपटीभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून उभे राहावे लागते. शेपटा एकत्र दडल्या की पाणी मोकळे होते. शाम्पूतल्या सोडियम डोडेसिल सल्फेटचे प्रमाण लिटरला साधारण २.३ ग्रॅमच्या वर गेले की साठेक रेणू आपोआप गोळा होतात, शेपटा आत, डोकी बाहेर. या इवल्या गोळ्याला मायसेल म्हणतात.

पण गोळाच का? नळी किंवा पापुद्रा का नाही? १९७६ मध्ये कॅनबेरात इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी याचे फार देखणे उत्तर दिले. शेपटीच्या आकारमानाला डोक्याने व्यापलेले क्षेत्रफळ आणि शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचे. भागाकार एक-तृतीयांशाहून कमी आला तर गोळा, एक-द्वितीयांशापर्यंत नळी, एकाच्या जवळ गेला तर सपाट पापुद्रा. गवंडी कमानीचे दगड एका बाजूला निमुळते घडवतो म्हणून कमान वळते, आणि चौकोनी चिऱ्यांची भिंत सरळ उभी राहते. इथेही नेमके तेच घडते. मला या सूत्राचे अप्रूप वाटते ते यासाठी, की रेणूंना कोणी काही सांगत नाही. केवळ जागेच्या हिशेबातून आकार ठरतो.

डोक्याला फांद्या फुटल्या की हा हिशेब बदलतो. समजा, डोक्यात तीन साखरा आहेत. त्या एकापुढे एक माळेसारख्या जोडल्या तर माळ पाण्यात खोलवर पसरते, बुडाशी जागा थोडी घेते. त्याच तीन साखरा फांदीसारख्या जोडल्या तर डोके आडवे रुंदावते. भाजक वाढतो, भागाकार घटतो, जुळणीला जास्त बाक येतो. वजन तेवढेच, अणूही तेच; फरक फक्त कोणती साखर कुठे जोडली याचा.

किल्लायाच्या सॅपोनिनमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. मधे पाणी टाळणारा ताठ, कड्यांचा सांगाडा. एका टोकाला तीन साखरांची फांदी, दुसऱ्या टोकाला साखरांची माळ. असा रेणू सपाट थरात सुखाने बसत नाही. शिवाय त्याला कोलेस्टेरॉलची विलक्षण ओढ. तांबड्या पेशीच्या पटलातले कोलेस्टेरॉल तो पकडतो आणि पटलाला भोके पडतात.

१९८०च्या दशकात स्वीडनच्या ब्रोर मोरेन आणि सहकाऱ्यांनी या ओढीचाच उपयोग केला. सॅपोनिनला कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड (पेशीपटलातले स्निग्ध रेणू) आधीच देऊन टाकले. फॉस्फोलिपिडचा कल सपाट थराकडे, सॅपोनिनचा बाकाकडे. या ओढाताणीतून सुमारे ४० नॅनोमीटरचे, जाळीदार पिंजऱ्यासारखे कण उभे राहिले. त्यात गुंतलेले सॅपोनिन पेशी फोडायला फारसे मोकळे राहत नाही, पण प्रतिकारपेशींना हाक मारण्याचा गुण टिकतो. मॅट्रिक्स-एम याच परंपरेतले.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१ची शिफारस केली. मलेरियाने दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे दगावतात, त्यातली बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. एवढ्या मुलांसाठी लस करायची तर सॅपोनिनही तेवढेच लागणार, आणि झाडाची साल किती काढायची याला मर्यादा आहे. प्रयोगशाळेत असा रेणू जुळवणे जिकिरीचे, कारण प्रत्येक साखर नेमक्या जागी, नेमक्या दिशेने बसवावी लागते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यीस्टमध्ये वनस्पतींची जनुके घालून ‘क्यूएस-२१’ हे किल्लायाचे सॅपोनिन संपूर्णपणे बनवून दाखवले. फांदीतली प्रत्येक साखर बसवायला वेगळे विकर लागते, ती सगळी एका पेशीत नांदवावी लागली. उत्पन्न अजून तुटपुंजे आहे. ते वाढवण्याचे काम आता सुरू आहे.