खिशातला फोन (६) : प्रेषकाच्या जागी आपला पत्ता

सांगलीच्या मामांना मागच्या महिन्यात एका सकाळी अकरा फोन आले. सगळे अनोळखी, सगळे चिडलेले. "मघाशी तुम्हीच फोन केला होता ना? केवायसी संपली, खातं बंद होईल म्हणून?" मामा सकाळपासून परसात कढीपत्त्याला आळं करत होते आणि फोन आत चार्जिंगला लावलेला. बारावा तर सरळ अरेतुरेवरच आला. निवृत्त मुख्याध्यापकाला हे कसं सोसावं? मला म्हणाले, "अरे, माझा फोन हॅक झालाय."

झाला नव्हता. अंतर्देशीय पत्र आठवा. त्याच्या मागे ‘प्रेषक’ असा रकाना असायचा. पोस्टमन वाचायचा तो समोरचा पत्ता. मागे कुणी राष्ट्रपती भवन लिहिलं तरी पत्र पोचायचंच. फोनचंही तसंच आहे. स्क्रीनवर उमटणारा नंबर ही कॉल जिथून निघाला तिथल्या यंत्रणेने पुढे धाडलेली माहिती. मोजक्या टेलिफोन कंपन्याच एकमेकींना कॉल देत, तेव्हा त्या माहितीवर विश्वास ठेवायची रीत पडली. पुढे इंटरनेटवरून कॉल लावता येऊ लागले आणि हा रकाना भामट्यांच्या हाती गेला. कुणीतरी तिथे मामांचा नंबर भरला. ज्यांनी उलट फोन लावला ते अर्थातच खऱ्या पत्त्यावर येऊन धडकले. मामांच्या सिमला कुणी बोटही लावलं नव्हतं. खूण सोपी : आउटगोइंगच्या यादीत त्यातला एकही कॉल नव्हता.

यातले बरेच कॉल परदेशातून निघतात आणि +९१ चा मुखवटा घालून येतात. २२ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने ते अडवणारी यंत्रणा सुरू केली. तिची युक्ती मला आवडते. परदेशातून भारतीय नंबरचा कॉल आला, तर तो ग्राहक खरंच परदेशी रोमिंगवर आहे का, एवढं बघायचं. मामा परसात असतील तर कॉल खोटा! पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. भारतीय नंबर दाखवत बाहेरून आलेल्या कॉलपैकी हे जवळजवळ ९० टक्के होते. तरी सगळं थांबलेलं नाही, हे मामांच्या सकाळीवरून दिसतंच.

मामांचा पहिला विचार नंबर बदलायचा. मी हात जोडले. बँक, आधार, पेन्शन, गॅस, सगळं त्याच नंबराला बांधलेलं. शिवाय सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि मग आपले ओटीपी त्याच्या खिशात. भामटे एकाच नंबरावर फार दिवस बसत नाहीत. तेवढे दिवस काढायचे. उलट फोन करणाऱ्याशी हुज्जत न घालता म्हणायचं, "माझा नंबर कुणीतरी खोटा दाखवतंय. तुमचे पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा." मामांनी हे वाक्य कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि खाली आलेल्या फोनांची वेळ टिपत गेले. त्याच टिपणावरून आम्ही सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. उद्या पोलीस चौकशीला आलेच, तर दाखवायला तक्रार क्रमांक हवा. ट्रूकॉलरवर त्यांच्या नावापुढे लाल ‘स्पॅम’ उमटलं होतं. तिथेही दुरुस्तीचा अर्ज टाकला. मामांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर मामांच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं. चार निघाली. तीन ओळखीची, चौथ्याचा पत्ता लागेना. ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथेच कळवलं. पण दुसऱ्याच्या नावावर सिम काढणं हा वेगळा उद्योग आहे, त्यात नंबर खोटा नसतो, खरा असतो. ते चौथं सिम पुढच्या आठवड्यात.