तीन दाखले आणि एक वर्ष

मित्रमंडळीत किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर रुळलेला एखादा शब्द जगापुढे मांडावा, या हौसेने अनेक जण विक्शनरी या खुल्या ऑनलाइन शब्दकोशात पहिली नोंद करतात. ती बहुधा लवकरच उडते. इंग्रजी विक्शनरी १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि तिथे कोणीही शब्द घालू शकतो. तो टिकतो मात्र एका अटीवर. शब्द सर्रास वापरात असला पाहिजे. नसेल तर कायम जतन होणाऱ्या साहित्यात तो निदान तीन ठिकाणी, तीन स्वतंत्र हातांनी वापरलेला असावा आणि त्या दाखल्यांचा काळ निदान वर्षभराचा असावा.

नवख्याला हा कारकुनी जाच वाटतो. पण एकाच लेखकाची लहर भाषेच्या नावावर जमा होऊ नये म्हणून तीन हात, आणि चार दिवस गाजून विरणारा शब्द गळावा म्हणून वर्ष. शिवाय शब्द वाक्यात राबलेला असावा लागतो. ‘असा एक नवा शब्द निघाला आहे’ एवढी नोंद दाखला ठरत नाही. शब्दाबद्दल शंका आली की कोणी तरी त्यावर पडताळणीचा शिक्का मारतो. महिनाभरात दाखले मिळाले तर शब्द राहतो, नाहीतर जातो.

हे नियम विस्ताराने लिहिलेले आहेत, पण ते आधी वाचून कामाला लागणारा माणूस विरळा. शिकणे होते ते पानाच्या ‘इतिहास’ या कळीखाली. अर्थाच्या ओळीआधी # हे चिन्ह हवे, त्याखालच्या अवतरणाला #* आणि स्वतः रचलेल्या उदाहरणाला #: हवे. नवखा भलतेच चिन्ह टाकतो, जुना संपादक ते दुरुस्त करतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की बदललेले अक्षर रंगून समोर येते. दुसऱ्या खेपेला हात आपोआप बरोबर पडतो.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये अशा शिकण्याचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण आहे. उमेदवार आधी तयार कपड्यावरची किरकोळ कामे करतो, मग शिवण, आणि कापडाला कात्री सगळ्यात शेवटी. बटण लावताना पूर्ण कपडा डोळ्यांखालून जातो. विकिपीडियाच्या संपादकांचा २००५ मधला एक अभ्यास याच धाग्यावर आहे: माणसे आपल्या माहितीतली एखादी चूक सुधारायला येतात आणि हळूहळू अख्ख्या प्रकल्पाची काळजी वाहू लागतात. शब्दकोशाला हे फार लागू पडते. पहिल्याच दिवशी व्युत्पत्ती लिहायला बसणे म्हणजे थेट कात्री हाती घेणे. दाखला जोडणे हे बटण.

गाडी अडते ती कारण न देता केलेल्या दुरुस्तीपाशी. विकिपीडियाबाबत हे २०१३ च्या संशोधनात स्पष्ट झाले. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांना दिसले, की प्रामाणिक नवख्यांचे बदल उलटवण्याचे प्रमाण वाढले, त्यात यांत्रिक साधनांचा हात होता, आणि असे नवखे टिकेनासे झाले. बदलाच्या सारांशात ‘दाखला नाही, पुस्तकातून मिळाला तर जरूर घाला’ एवढे लिहायला मिनिट लागत नाही. माझ्या मते शब्दकोशाचे भवितव्य या एका ओळीवर बरेच अवलंबून आहे.

स्वयंसेवकांना शिकवण्याचा हा पेच दीडशे वर्षांचा आहे. ऑक्सफर्ड शब्दकोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना चिठ्ठ्यांवर अवतरणे पाठवण्याचे आवाहन केले. त्याआधीच्या वाचकांनी दुर्मीळ शब्द तेवढे वेचले होते. ‘अब्यूजन’ या जुन्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या, आणि रोजच्या ‘अब्यूज’च्या पाचसुद्धा नाहीत! साधे शब्दही टिपा, हे मरे यांना मुद्दाम सांगावे लागले.

मराठी नोंदी करणाऱ्या नवख्यापुढे आणखी एक खाच आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, संगणकाला वेगळी. म्हणून एकाच शब्दाची दोन पाने होऊ शकतात. नोंद करण्याआधी दोन्ही रूपे शोधून पाहावीत. अर्थासाठी पाहायचे तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीवर आता कोणाचा हक्क नाही, तेव्हा तिचा आधार नाव देऊन खुशाल घ्यावा. चालू काळातल्या कोशातली व्याख्या उचलली तर ती काढलीच जाते.

दाखले देण्याची वाट मराठीला नवी नाही. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) अर्थापुढे ज्ञानेश्वरीतली ओवी आकड्यासह नोंदवतो. ज्या भाषांचे छापील साहित्य थोडे, त्यांना इंग्रजी विक्शनरीही एका दाखल्यावर, अगदी नुसत्या उल्लेखावरही आत घेते. बोलींच्या अभ्यासकांनी ही सवलत ध्यानात ठेवावी. आणि ज्याला आजच सुरुवात करायची आहे, त्याने हरिभाऊ आपट्यांची एखादी कादंबरी उघडावी, त्यातले नेहमीच्या शब्दाचे एक वाक्य निवडावे आणि पृष्ठांकासह #* पुढे लिहावे.